सिंहस्थासाठी गाडी घेताय? आधी नाशिक दर्शनाचा एक दिवस आखा



गेल्या काही महिन्यांत बॅचमध्ये एक प्रश्न वारंवार येतोय. "सर, २०२७ ला सिंहस्थ आहे. सात सीटर गाडी घेऊन टुरिस्टला लावू का? बँक लोन द्यायला तयार आहे."

प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा असतो. घरी थोडी शेती किंवा वडिलांची कंपनीतली नोकरी, हातात डाउन पेमेंटपुरते पैसे आणि डोक्यात एकच चित्र, की लाखो भाविक येणार म्हणजे गाडी एक दिवस उभी राहणार नाही. माझं दुकान गंगापूर रोडला आहे. सोमेश्वर, गंगापूर धरण, द्राक्षमळे या बाजूला जाणाऱ्या टुरिस्ट गाड्या दिवसभर समोरून जातात, त्यामुळे हा धंदा मी रोज बघतो. तो चांगला आहे. पण गाडी घेण्याच्या आधी त्याचं गणित समजून घ्या, कारण इथे पणाला लागतात तुमच्या घरातले पैसे.

सिंहस्थ किती दिवसांचा, हप्ता किती दिवसांचा?

नाशिकचा सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी येतो. २००३, २०१५ आणि आता २०२७. गाडीचं लोन साधारण पाच वर्षांचं असतं, म्हणजे साठ हप्ते. मेळ्याची मुख्य गर्दी त्यातल्या काही महिन्यांत असते. बाकीचे हप्ते साध्या दिवसांच्या कमाईतूनच भरायचे आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २०१५ च्या पर्वण्या आठवा. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला नाशिकमध्ये शाही स्नान होतं. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला थांबवल्या होत्या. तिथून भाविक एसटीने आत आले आणि पुढे पायी रामकुंडाकडे गेले. एवढी गर्दी सांभाळायची तर हे करावंच लागतं. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं येतात, त्या दिवशी खासगी गाडीला शहरात फिरता येईल असं धरून चालू नका.

मग सिंहस्थाचा फायदा नाहीच का? आहे, पण तो वेगळा आहे. त्या काळात नाशिकचं नाव देशभर जातं. स्नानाच्या तारखा सोडून, आधी आणि नंतर, निवांत दर्शनाला येणारी कुटुंबं वाढतात. तुमचं खरं गिऱ्हाईक हे कुटुंब आहे.

गिऱ्हाईक नक्की काय विकत घेतं?

आपल्याकडे टुरिस्ट गाडीचा भाव "आठ तास, ऐंशी किलोमीटर" असा सांगतात. त्याच्या वर गेलं तर किलोमीटरमागे इतके, तासामागे इतके, पार्किंग-टोल वेगळं. भाव सांगायची ही पद्धत सोपी आहे. अडचण अशी की शेजारचा गाडीवालाही हेच विकतोय. दोघांची गाडी तीच, किलोमीटरही तेच. मग गिऱ्हाईक काय विचारणार? "कमी कितीत करता?"

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. इंदूरहून किंवा सुरतेहून पाच जणांचं कुटुंब आलंय. सोबत सत्तर वर्षांच्या आजी आणि सहा वर्षांचा मुलगा. त्यांच्याकडे एकच दिवस आहे. त्र्यंबकला रांग किती असेल, पंचवटीत गाडी कुठपर्यंत जाते, आजींना कुठे चढावं लागेल, जेवण कुठे मिळेल, यातलं त्यांना काहीच माहीत नाही. ते पैसे देतात ते हा एक दिवस नीट पार पडावा म्हणून. किलोमीटर तर फक्त बिलावर दिसतात.

जो ड्रायव्हर हे ओळखतो, त्याच्याशी भावाची घासाघीस कमी होते.

क्योटोचे टॅक्सीवाले

जपानमध्ये क्योटो नावाचं शहर आहे. ७९४ साली ते राजधानी झालं आणि हजार वर्षांहून जास्त काळ राहिलं. जुनी मंदिरं, बागा, राजवाडे शहरभर आणि डोंगरांच्या कडेने विखुरलेले. १९९४ मध्ये युनेस्कोने क्योटो आणि शेजारच्या उजी, ओत्सू या शहरांतली मिळून १७ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. सिटी बसला प्रचंड गर्दी असते. त्यामुळे तासांवर किंवा दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी घेऊन फिरणं हा तिथला जुना, स्थिरावलेला धंदा आहे.

तिथल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, वागणूक. क्योटोत एमके नावाची टॅक्सी कंपनी आहे. सादाओ आओकी या मूळच्या कोरियातून आलेल्या माणसाने १९६० साली १० गाड्यांवर ती सुरू केली. त्यांचा नियम साधा होता. गिऱ्हाइकाला नमस्कार करायचा, स्वतःचं नाव सांगायचं, कुठे जायचंय ते पुन्हा विचारून खात्री करायची आणि उतरताना आभार मानायचे. ड्रायव्हरने हे केलं नाही तर भाडं देऊ नका, असं कंपनीने गिऱ्हाइकांना जाहीर सांगितलं होतं. यासाठी लागणारा खर्च शून्य. पण या शिस्तीवर कंपनीचं नाव झालं.

दुसरी, अभ्यास. २००४ पासून क्योटोच्या व्यापारी मंडळातर्फे शहराच्या इतिहास-संस्कृतीची परीक्षा घेतली जाते. ती कोणीही देऊ शकतं. टॅक्सी ड्रायव्हरही ती देतात आणि पास झालेला ते अभिमानाने सांगतो, कारण गिऱ्हाईक निवडताना तेही बघतं.

तिसरी, आधी अनुभव आणि मग मालकी. जपानमध्ये स्वतःच्या मालकीची एकट्याची टॅक्सी चालवायचं लायसन्स सहजासहजी मिळत नाही. आधी काही वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव आणि स्वच्छ रेकॉर्ड दाखवावा लागतो. आपल्याकडे असा नियम नाही. पण तुम्ही तो स्वतःला लावून घ्या, फायदा तुमचाच आहे.

नाशिकचा एक दिवस कसा आखायचा?

नाशिकची रचनाही अशीच विखुरलेली आहे. पंचवटी जुन्या शहरात गोदावरीच्या काठाला, पांडवलेणी मुंबई-आग्रा हायवेला सुमारे आठ किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वर जवळजवळ तीस किलोमीटरवर आणि गंगापूर धरण तिसऱ्याच दिशेला. क्रम चुकला की दिवसाचे दोन तास रस्त्यावर जातात.

चांगला क्रम असा लावता येतो.

पहाटे त्र्यंबक. आताचं मंदिर अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. ज्योतिर्लिंग असल्यामुळे गर्दी कायमच, पण सोमवारी, श्रावणात आणि सलग सुट्ट्यांना रांग तासन्‌तास चालते. म्हणून आदल्या रात्रीच फोन करायचा. "काका, उद्या सोमवार आहे, साडेपाचला निघू या. आजींना रांगेत उभं राहणं जमेल ना?" या एका फोनने तुम्ही बाकीच्यांपेक्षा वेगळे ठरता.

परत येताना अंजनेरी. हा डोंगर हनुमानाचं जन्मस्थान मानला जातो. गड चढायला वेळ नसेल तरी तिथली नाणी संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय बघता येतं. ही संस्था १९८० सालची आहे. मुलं सोबत असतील तर हा थांबा हमखास आवडतो. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून ठेवायची.

मग नाश्ता आणि ऊन चढायच्या आत पांडवलेणी. इथे सुमारे दोनशे पायऱ्या आहेत, हे गाडीत बसल्यावर लगेच सांगायचं. आजी वर येणार नसतील तर त्यांना सावलीत कुठे बसवायचं, हे तुम्हाला ठाऊक हवं.

दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती. चारनंतर गंगापूर रोडची बाजू. आनंदवल्लीचा नवश्या गणपती, सोमेश्वर, पावसाळा असेल तर तिथला दूधसागर धबधबा. मोठ्यांचा ग्रुप असेल तर एखादी वायनरी. वायनरीला जाणाऱ्या ग्रुपला तर ड्रायव्हरची गरज सगळ्यात जास्त, कारण परत येताना त्यांच्यातल्या कोणी स्टिअरिंगला हात लावणं बरोबर नाही. हे वेगळं गिऱ्हाईक आहे, त्याचं पॅकेजही वेगळं करा.

संध्याकाळी पंचवटी. काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि शेवटी रामकुंडावर गोदाआरती. इथल्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी गौरी पटांगणाच्या किंवा मालेगाव स्टँडच्या बाजूला लावून पुढे चालावं लागतं. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसून आत जावं लागतं. गुडघेदुखी असणाऱ्यांना आणि बंद जागेत घाबरणाऱ्यांना आधी सांगितलं तर ते तुमचे आभार मानतील. न सांगता नेलं तर तेच लक्षात ठेवतील.

गोष्ट सांगता आली पाहिजे

रस्ता माहीत असणं आज पुरेसं नाही. रस्ता मोबाइलही दाखवतो. दोन-तीन गोष्टी नीट, खऱ्या सांगता आल्या पाहिजेत.

पांडवलेणी हे नाव पांडवांवरून पडलं, पण ही २४ लेणी बौद्ध आहेत, सातवाहन आणि क्षत्रप काळातली. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आणि दहाव्या लेण्यात तर आपल्या धंदेवाल्यांच्या कामाचा लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दान दिली. ही रक्कम त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळचा कारागिरांचा संघ. २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करा. २,००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. लेखात लिहिलंय की २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०.

सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा हिशोब दगडात कोरलेला आहे. विणकरांच्या संघावर एवढा विश्वास होता की राजाचा जावई त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवत होता. लेखातलं गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडवरचं गोवर्धन गाव, असं अभ्यासक मानतात. संध्याकाळी त्याच रस्त्याने जाताना "सकाळी लेण्यात वाचलं ते गाव हेच" असं सांगितलं, तर गिऱ्हाईक घरी जाऊन दहा जणांना सांगेल.

काळाराम मंदिरासमोर उभं राहिल्यावर काळ्या दगडाचं सुंदर बांधकाम एवढंच सांगून थांबू नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि तो लढा सुमारे पाच वर्षं चालला. अनेक जण खास यासाठी नाशिकला येतात. गाडीत कोण बसलंय यावरून इतिहास निवडायचा नसतो, पूर्ण सांगायचा असतो.

एक मर्यादा पाळा. तुम्ही ड्रायव्हर आहात, परवानाधारक गाइड नाही. गोष्ट गाडीत सांगा. स्मारकाच्या आत सविस्तर माहिती हवी असेल तर अधिकृत गाइड जोडून द्या. आणि जे माहीत नाही, ते ठोकून देऊ नका.

आता आकडे

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आणि तुमच्या भागातले आकडे घालून हाच हिशोब कागदावर करा.

लोन १० लाख, व्याज १० टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण २१,२५०. व्यावसायिक विमा, टॅक्स, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला ९,००० बाजूला काढावे लागतात असं धरू. गाडी उभी असली तरी महिन्याचा ठरलेला खर्च ३०,२५०.

पहिला प्रकार, नुसती गाडी. दिवसाचे २,८०० मिळाले. सीएनजी, चहापाणी, फोन असे ६०० गेले. उरले २,२००. महिन्यात १४ दिवस गाडी फिरली तेव्हा कुठे ठरलेला खर्च निघतो. तुमची मजुरी पंधराव्या दिवसापासून सुरू. वीस दिवस काम मिळालं तर हातात १३,७५०.

दुसरा प्रकार, आखलेला दिवस. आदल्या दिवशीचा फोन, वेळापत्रक, पाण्याच्या बाटल्या, आजींसाठी छोटं स्टूल, माहिती. दिवसाचे ३,६००. खर्च तेवढाच धरू, उरले ३,०००. ठरलेला खर्च दहा-अकरा दिवसांत निघतो. वीस दिवसांचे हातात २९,७५०.

दिवसाला फक्त ८०० जास्त, पण महिन्याअखेरची कमाई दुपटीपेक्षा जास्त. कारण हप्ता तोच राहतो, वरचा प्रत्येक रुपया तुमच्या खिशात येतो.

यातला सगळ्यात कठीण आकडा "वीस दिवस" हा आहे. महिन्यात शनिवार-रविवार आठ-नऊच. उरलेले अकरा-बारा दिवस आठवड्याच्या मधले हवेत. त्या दिवशी कोण येतं? त्र्यंबकला नारायण नागबली करणारी कुटुंबं तीन दिवस मुक्कामाला असतात, विधी झाला की त्यांना फिरायचं असतं. शिर्डीला जाणारे लोक नाशिकला एक दिवस थांबतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत बाहेरगावचे पाहुणे येतात. परदेशातून सुट्टीला आलेली मुलं आईवडिलांना देवदर्शनाला नेतात. या चार ठिकाणी तुमची ओळख नसेल, तर वीस हा आकडा कागदावरच राहील.

कमिशनचा मोह

या धंद्यात एक वरची कमाई असते. गिऱ्हाइकाला अमुक साडीच्या दुकानात न्या, तमुक हॉटेलात जेवायला थांबवा, ड्रायव्हरला कमिशन मिळतं. ते दिवसाला ३००-५०० सहज असतं, म्हणून मोह होतो.

पण विचार करा. तुम्ही विकताय तो त्यांचा दिवस. त्यातला पाऊण तास तुम्ही त्यांना न विचारता दुसऱ्याला विकला. गिऱ्हाइकाला हे कळतं, ते फक्त बोलून दाखवत नाही. पुढच्या वेळी फोन करत नाही, एवढंच. साड्या बघायच्या आहेत का ते आधी विचारा. हो म्हणाले तर दोन-तीन पर्याय सांगा आणि निवड त्यांना करू द्या. कमिशन मिळत असेल तर तेही सरळ सांगा. विणकरांकडे कायमची ठेव ठेवण्याइतका विश्वास एका दिवसात बसला नसणार.

गाडी न घेता सुरुवात

१. पहिले सहा महिने दुसऱ्याची गाडी चालवा, किंवा ओळखीच्या गाडीमालकाशी दिवसाचा दर ठरवून घ्या. नियोजन तुमचं, गाडी त्याची. मार्जिन कमी राहील, पण हप्ता नसेल.

२. दिवसाचे तीन आराखडे लिहून काढा. ज्येष्ठांचा दिवस, मुलांसोबतचा दिवस, इतिहासाचा दिवस. प्रत्येक रस्त्याने स्वतः एकदा जा. पायऱ्या, स्वच्छतागृह, पार्किंग आणि बंद असण्याचे वार वहीत नोंदवा.

३. भाव सांगताना काय धरलंय आणि काय नाही ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. पार्किंग, टोल, जास्तीचे तास. संध्याकाळी वाद होतो तो इथेच.

४. प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद ठेवा. कुठून आले, कोणाकडून आले, आठवड्याचा कुठला वार होता. सहा महिन्यांनी ही वही बँकेच्या मंजुरीपत्रापेक्षा जास्त खरं सांगेल.

५. महिन्याला तुमच्या स्वतःच्या ओळखीतून आलेले बारा दिवस सलग तीन महिने मिळाले, तर मग गाडीचा विचार करा. शोरूममध्ये जाण्याआधी आरटीओत जाऊन परमिट, फिटनेस, टॅक्स आणि लायसन्सचं सगळं विचारून या. पांढऱ्या नंबर प्लेटच्या घरच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते आणि मग गिऱ्हाइकाचं, तुमचं, दोघांचंही नुकसान.

बँक लोन देते, कारण हप्ता थकला तर गाडी ओढून न्यायचा अधिकार तिच्याकडे असतो. तुमच्याकडे असा कुठलाच आधार नाही. म्हणून तुम्हाला बँकेपेक्षा जास्त विचार करावा लागेल.

येत्या रविवारचं काम सांगतो. तुमच्याच घरातल्या मोठ्यांना नाशिक दर्शनाला न्या, पण पाहुणे समजून. आदल्या रात्री त्यांना फोन करा, वेळ पाळा, एक खरी गोष्ट सांगा आणि संध्याकाळी विचारा, "कुठे त्रास झाला?" त्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नंतरच्या रविवारी त्या दुरुस्त करून दुसऱ्या कोणाला तरी न्या.